सुपरचार्जर लावलेल्या जुन्या इंजिनाला व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि कॅम कोणते घालावे

पोर्तुगीज काळात आयात झालेली मॉरिस मायनर असो किंवा १९६१ नंतर घाट उतरून आलेली ॲम्बेसिडर, गोव्यात अशा गाड्या अजून बऱ्याच घरांच्या शेडमध्ये आहेत आणि त्यातल्या कित्येक चालूही आहेत. अशा इंजिनाला छोटा सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) लावायचं ठरलं की पुढचा प्रश्न हेडचा, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचा, येतो. बहुतेक नवखे सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. आधी कॅटलॉगमधला सगळ्यात तिखट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, कॅम मागवतात, मग रोलर रॉकर, मग मोठे इनलेट व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे लक्ष जातं ते तो जळल्यावर.

तिखट कॅमचं काम म्हणजे इंजिनात जास्त हवा भरणं, आणि ते काम सुपरचार्जर आधीच करतोय. व्हॉल्व्हच्या यंत्रणेने आता तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत: उष्णता बाहेर काढणं, घट्ट बंद होणं आणि बंद झाल्यावर न उसळणं. म्हणून पैसे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सीट, गाईड आणि स्प्रिंगवर घाला. कॅम शेवटी निवडा, आणि तोही मवाळ.

पुढची मापं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या दोन इंजिनांना धरून दिली आहेत: मॉरिस मायनरमधली ए-सिरीज आणि एमजीए, एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांमधली बी-सिरीज. आपल्या जुन्या ॲम्बेसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिनही बी-सिरीजच, त्यामुळे यातलं बरंच तिला थेट लागू पडतं. इंजिन वेगळं असेल तर पद्धत तीच ठेवा, आकडे स्वतःच्या मॅन्युअलमधून घ्या.

१. आधी बूस्ट आणि आरपीएम ठरवा

हे दोन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. रस्त्यावर चालवायच्या लाँग स्ट्रोक पुशरॉड इंजिनाला ०.३ ते ०.५ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) भरपूर झाला. मेकॅनिकच्या भाषेत साडेचार ते सात पीएसआय. आरपीएमची मर्यादा ५,५०० ठेवा. रूट्स पद्धतीचा ब्लोअर, म्हणजे दोन रोटरने हवा ढकलणारा सुपरचार्जर, खालच्या आरपीएमलाच ताकद देतो, त्यामुळे ६,५०० पर्यंत ओढून हाती काही लागत नाही. उलट व्हॉल्व्ह आणि टॅपेटला (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारा तुकडा) सांभाळायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ५,००० वरून ६,००० ला गेलात तर आरपीएम २० टक्के वाढतात, जोर मात्र ४४ टक्के.

कॉम्प्रेशनचा कामचलाऊ हिशेबही इथेच करून ठेवा. इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणिले (१ अधिक बारमधला बूस्ट). ८.३ कॉम्प्रेशनवर ०.४ बार म्हणजे साधारण ११.६. हा आकडा फक्त तुलनेसाठी आहे, पण १२ च्या वर गेला तर आधी बूस्ट कमी करा. नॉकिंग (मिश्रण नीट न जळता स्फोटासारखं पेटणं) होत असलेल्या इंजिनात कोणताही व्हॉल्व्ह टिकत नाही.

२. कागदपत्रं हेड उतरवायच्या आधी

हा टप्पा सगळे टाळतात आणि नंतर अडकतात. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. सुपरचार्जर लावलेलं इंजिन या अटीत बसेल असं गृहीत धरू नका. गाडी त्या नोंदणीत न्यायची असेल तर आधी आरटीओत विचारून लेखी उत्तर घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर मर्यादा घालतं, तेही तिथेच समजून घ्या.

जवळ ठेवायची कागदं:

- आरसी, चालू विमा, पीयूसी
- इंजिन नंबरच्या प्लेटचा स्पष्ट फोटो
- विमा कंपनीला बदलाची कल्पना दिल्याचं पत्र किंवा ईमेल
- बाहेरून मागवलेल्या पार्टचं इनव्हॉइस आणि कस्टम्ससाठी केवायसीची कागदं
- मूळ कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, कॅम जपून ठेवल्याचे फोटो

इंग्लंडहून पार्ट मागवताना विक्रेत्याला इनव्हॉइसवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहायला सांगा. व्हॉल्व्ह, गाईड हे इंजिनाचे पार्ट म्हणून ८४०९ या कस्टम्स शीर्षकाखाली येतात, कॅमशाफ्ट मात्र ८४८३ खाली. सगळं मिळून नुसतं 'कार पार्ट्स' लिहिलं की पार्सल प्रश्नोत्तरात अडकतं.

मूळ पार्ट विकू नका. पुढेमागे गाडी पुन्हा मूळ रूपात न्यायची वेळ आली तर हेच पार्ट लागतील.

३. हेड उतरवा आणि मापं घ्या

लागणारी हत्यारं: ०.०२ मिमी वाचणारा व्हर्नियर, ० ते २५ मिमी मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, ३६० अंशांची डिग्री डिस्क, फिलर गेज, व्हॉल्व्ह स्प्रिंग कॉम्प्रेसर, ५० मिलीची ब्युरेट, प्रशियन ब्लू आणि मुलांच्या खेळण्यातली मऊ चिकणमाती. स्प्रिंग टेस्टर नसेल तर पिलर ड्रिलखाली वजनकाटा ठेवून काम भागतं.

प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या जागेच्या नंबरासह वेगळ्या पिशवीत ठेवा. ए आणि बी-सिरीजमध्ये पुढून मोजलं तर १, ४, ५, ८ हे एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ हे इनलेट. त्यातले ४ आणि ५ शेजारी-शेजारी असून एकाच पोर्टमधून धूर सोडतात. हेडमधली सगळ्यात तापणारी जागा हीच. तडा गेलाच तर बहुधा इथे किंवा व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीवर दिसतो. हेड धुऊन झाल्यावर क्रॅक टेस्ट करून घ्या आणि मगच पुढचा खर्च करा. तडा गेलेल्या हेडवर नवे व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या मोजणीत एक गोष्ट बारकाईने बघा, स्प्रिंगच्या तारेवरचा गंज. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत बंद पडून राहिलेल्या इंजिनात, विशेषतः ज्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहिल्या त्यांच्यावर, टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडलेले असतात. वायर ब्रशने घासून तार चमकते, खड्डा तसाच राहतो, आणि तार तुटते ती त्याच खड्ड्यापासून. असा एक जरी खड्डा दिसला तरी अख्खा सेट बदला.

४. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट: इथे काटकसर नको

सुपरचार्ज केलेल्या इंजिनात दर फेरीला जास्त मिश्रण जळतं, म्हणजे जास्त उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जाते. व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा ही उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते, थोडी दांड्यातून गाईडमध्ये. म्हणून सीटची रुंदी हा इथला कळीचा आकडा आहे.

- इनलेट सीट: १.२ ते १.५ मिमी
- एक्झॉस्ट सीट: १.८ ते २.० मिमी

रेसिंगची सवय असलेला लेथवाला एक्झॉस्ट सीटही १.२ मिमी कापून देतो, कारण त्याने हवा चांगली वाहते. त्याला आधीच कागदावर माप लिहून द्या. सीट गाईडच्या मध्याशी किती जुळते ते डायल गेज फिरवून बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सीट पुन्हा कापायला हवी, लॅपिंग पेस्ट घासून तो फरक जात नाही.

व्हॉल्व्हसाठी २१-४एन हे ऑस्टेनिटिक स्टील पुरेसं आहे. दांड्यावर हार्ड क्रोम आणि टोकाला स्टेलाइट किंवा कडक केलेलं टोक असलेले घ्या. ०.५ बारच्या वर जायचं किंवा घाटात सतत भार द्यायचा असेल तर इन्कोनेलचा (निकेलचा मिश्रधातू) विचार करा. तो महाग पडतो, पण चारच लागतात. सोडियम भरलेले व्हॉल्व्ह नवख्याने टाळावेत. त्यांचं टोक घासता येत नाही आणि जुने झाले तर भंगारात टाकणंही धोक्याचं.

व्हॉल्व्हच्या कडेची जाडी, म्हणजे सीटच्या वरच्या काठापासून तळापर्यंतची उभी कड, नव्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर किमान १.२ मिमी हवी. जुने व्हॉल्व्ह ग्राइंड करत करत ही कड पातळ होते. पातळ कड लाल होते आणि स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटवते. बूस्टखाली असं झालं की पिस्टनला भोक पडतं. म्हणून जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ग्राइंड करून पुन्हा वापरायचे नाहीत.

आता कडक सीट. ही इंजिनं शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. शिशाचा पातळ थर सीटला वाचवायचा. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आहे. साध्या कास्ट आयर्न सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो, आणि बूस्टने हे वेगाने होतं. एक्झॉस्टच्या चारही जागी कडक इन्सर्ट बसवून घ्या. इनलेटला मूळ सीट चांगली असेल तर हात लावू नका. इन्सर्ट भोकापेक्षा साधारण ०.१० मिमीने मोठा असावा, हेड गरम करून आणि इन्सर्ट थंड करून बसवावा. नुसता हातोड्याने ठोकलेला इन्सर्ट पुढे सुटतो आणि आख्खं इंजिन घेऊन जातो.

हेड फेसिंग, बोअरिंग ही कामं मडगाव, म्हापसा, फोंडा इथे होतात. इन्सर्ट आणि थ्री अँगल कटिंगसाठी (सीट तीन कोनांत कापणं) मात्र तेच काम रोज करणारा माणूस शोधा. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर किंवा बेळगावचं उद्यमबाग एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. जाताना नवे व्हॉल्व्ह आणि गाईड सोबत न्या. आधी गाईड बसणार, मग त्याच गाईडच्या मध्यावरून सीट कापली जाणार. हा क्रम उलटा केला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

मोठे व्हॉल्व्ह घालावे का? इनलेट मोठा करायची गरज नाही, हवा दाबानेच आत येते आहे. एक्झॉस्ट थोडा मोठा केल्याने फायदा होतो, पण या हेडमध्ये दोन व्हॉल्व्हमधली पट्टी आधीच अरुंद आहे. ती आणखी कापली की तडा ठरलेला. मूळ मापाचे व्हॉल्व्ह ठेवून एक्झॉस्ट पोर्टमधली गाईडच्या आजूबाजूची धातूची गाठ साफ करून घ्या. कमी खर्चात आणि कमी जोखमीत बरंचसं काम होतं.

५. गाईड आणि सील

एक्झॉस्टला ब्राँझचे गाईड घ्या, ते उष्णता लवकर ओढतात. दांडा आणि गाईडमधली फट इनलेटला ०.०४ ते ०.०६ मिमी, एक्झॉस्टला ०.०६ ते ०.०८ मिमी. 'घट्ट म्हणजे चांगलं' हा समज इथे नडतो. एक्झॉस्टचा दांडा तापून फुगतो, गाईडमध्ये अडकतो आणि पिस्टन येऊन त्याला वाकवतो.

इनलेटची फट जास्त असेल तर बूस्टखाली पेट्रोलचं मिश्रण गाईडमधून रॉकर कव्हरमध्ये आणि तिथून ऑईलमध्ये जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणं आणि ऑईलची पातळी वाढणं ही त्याची खूण. इनलेटला चांगला सील लावा. एक्झॉस्टला नको, तिथे दांड्याला थोडं ऑईल लागतंच.

६. स्प्रिंग: हिशेब करून घ्या, अंदाजाने नाही

बूस्टचा दाब इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि त्याला उघडायच्या दिशेने ढकलतो. किती, ते काढणं सोपं आहे.

३८ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ११.३ चौरस सेंमी. ०.५ बार म्हणजे दर चौरस सेंमीला साधारण ०.५१ किलो. गुणाकार ५.८ किलो. म्हणजे तुमची स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद असताना ३५ किलोने दाबत असेल तर बूस्टखाली ती २९ किलोचीच उरते. जुनी, मऊ पडलेली स्प्रिंग असेल तर आणखी कमी. मग व्हॉल्व्ह सीटवर आपटून उसळतो, आणि ब्लोअरच्या इनलेट मॅनिफोल्डमध्ये ज्वाला उलटी जाते. भरलेल्या मॅनिफोल्डमधला बॅकफायर ब्लोअरचे रोटर खराब करू शकतो, म्हणून मॅनिफोल्डवर रिलीफ व्हॉल्व्हही हवाच.

नियम असा धरा: नव्या स्टँडर्ड स्प्रिंगचा बंद अवस्थेतला जोर मॅन्युअलमध्ये बघा, त्यात वरच्या पद्धतीने काढलेला बूस्टचा जोर मिळवा. तेवढी स्प्रिंग हवी, त्याहून फार जास्त नको. एक्झॉस्टच्या बाजूला हा जोर येत नाही, कारण टर्बोसारखा मागे दाब साठत नाही. तिथे नवी स्टँडर्ड स्प्रिंग चालते, मात्र दोन्हीकडे एकच सेट ठेवला तर गोंधळ होत नाही.

जास्त कडक स्प्रिंगचा तोटा खाली कॅमवर दिसतो. बी-सिरीजच्या रॉकरचं गुणोत्तर साधारण १.४२ आहे. व्हॉल्व्हवर ७० किलो असतील तर टॅपेटवर जवळपास १०० किलो येतात, आणि टॅपेट सपाट तळाचा आहे, त्याला रोलर नाही. एवढा भार ऑईलच्या पापुद्र्यावर पेलायचा असतो. रेसिंग सेटमधल्या स्प्रिंग रोजच्या गाडीत घातल्या तर कॅमचं नाक काही हजार किलोमीटरमध्ये गोल होतं.

दुकानदाराकडून सेट घेताना त्याच्याकडून बसवण्याची उंची, त्या उंचीवरचा जोर, पूर्ण लिफ्टवरचा (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाचा) जोर आणि स्प्रिंग पूर्ण मिटते ती उंची, हे चार आकडे मागा. ते देता येत नसतील तर तो सेट घेऊ नका.

बसवल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हची उंची मोजा. कमी-जास्त असेल तर शिम घाला. दुहेरी स्प्रिंगवर १ मिमी शिमने जोर साधारण ३ किलोने वाढतो. सीट खोल कापली गेली की उंची वाढते आणि नवी स्प्रिंगही ढिली पडते. हे ध्यानात न घेतल्याने 'नवीन स्प्रिंग घालूनही व्हॉल्व्ह तरंगतो' अशी तक्रार येते.

७. कॅम: मूळचाच चालेल का, हे आधी बघा

एमजीबीच्या मूळ कॅमचे आकडे असे: इनलेट टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) १६ अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली) ५६ अंशांवर बंद होतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५१ अंश आधी उघडतो, टीडीसीनंतर २१ अंशांवर बंद होतो. दोन्हीचा कालावधी २५२ अंश, ओव्हरलॅप १६ अधिक २१ म्हणजे ३७ अंश. मॉरिस मायनर १००० चा ५-४५-४०-१० हा कॅम तर आणखी मवाळ, ओव्हरलॅप फक्त १५ अंश.

ओव्हरलॅपमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे असतात. साध्या इंजिनात बाहेर जाणारा धूर नवं मिश्रण ओढून घेतो, म्हणून थोडा ओव्हरलॅप फायद्याचा. बूस्ट असताना दाबाखालचं मिश्रण थेट सायलेन्सरमध्ये पळतं. कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी असेल तर त्यात पेट्रोलही जातं, एक्झॉस्टमध्ये पेटतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड भाजून काढतं. ३०-७०-७०-३० सारख्या कॅमचा ओव्हरलॅप ६० अंश होतो. पेट्रोलचा खर्च वाढतो, आयडल लडखडतो, बूस्ट गेजवर आकडा कमी दिसतो आणि मग लोक पुली बदलून ब्लोअर आणखी जोरात फिरवतात. दोष कॅमचा, शिक्षा ब्लोअरला.

रस्त्यावरच्या गाडीसाठी हे धरून चला:

- ०.४ बारपर्यंत: एमजीबीचा मूळ कॅम चांगल्या स्थितीत असेल तर तोच
- ०.४ ते ०.५ बार: इनलेट २५० ते २६० अंश, एक्झॉस्ट ६ ते ८ अंश जास्त, लोब सेपरेशन ११० ते ११४ अंश, ओव्हरलॅप ४० च्या आत
- लिफ्ट ९ ते १० मिमी, त्याहून जास्त नाही

लोब सेपरेशन म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्टच्या शिखरांमधलं अंतर कॅमच्या अंशांत. एमजीबीच्या मूळ कॅमचं ते १०७.५ येतं. ते वाढवलं की ओव्हरलॅप कमी होतो. एक्झॉस्टचे जास्तीचे अंश उघडण्याच्या बाजूने हवेत. बंद व्हायला उशीर करणारा कॅम पुन्हा ओव्हरलॅप वाढवतो.

कॅटलॉगमध्ये कालावधी कोणत्या लिफ्टपासून मोजलाय ते विचारा. कुणी ०.१५ मिमीपासून मोजतं, कुणी १.२७ मिमीपासून. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तशीच तुलना केली तर निवड चुकते.

८. टॅपेट, पुशरॉड, रॉकर

नवा कॅम असेल तर आठही टॅपेट नवे. यात तडजोड नाही. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण नव्यावर तो किंचित फुगीर असतो आणि त्यामुळेच टॅपेट चालताना फिरतो. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून उजेडात धरा, कडेला बारीक फट दिसली पाहिजे. जुन्यात ती दिसत नाही.

पुशरॉड काचेवर लोळवून सरळ आहेत का बघा. हेड फेसिंग करून १ मिमी कमी झालं असेल तर रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या मध्यावर येत नाही. अर्ध्या लिफ्टला ते मध्यावर असायला हवं. खांबांखाली शिम घालून जुळवता येतं, पण ऑईल येणाऱ्या खांबाच्या शिमला भोक आहे याची खात्री करा. ते राहिलं तर अख्खा रॉकर शाफ्ट कोरडा.

जास्त गुणोत्तराचे रॉकर घेऊ नका. ते टॅपेटवरचा भार वाढवतात आणि मिळणारी लिफ्ट तुम्हाला नकोच आहे. त्याऐवजी नवा शाफ्ट, नवे बुश, आणि रॉकरमधल्या स्प्रिंगच्या जागी स्टीलचे स्पेसर. रॉकर आडवे सरकणं थांबतं आणि गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) टिकतो. टायमिंग चेन एकेरी असेल तर याच वेळी दुहेरी करा.

९. जोडताना चार तपासण्या

कोरड्या जोडणीत, जुनं गॅस्केट घालून:

१. पिस्टनवर मातीचा थर देऊन इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. हेड काढून माती कापा. इनलेटखाली किमान २ मिमी, एक्झॉस्टखाली २.५ मिमी उरली पाहिजे. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या काठाला लागत नाही ना, तेही मातीतच दिसतं.

२. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून किमान १.५ मिमी फट उरावी. रिटेनर आणि गाईडच्या सीलमध्येही तेवढीच.

३. कॅमची जागा डिग्री डिस्कने बघा. पिस्टन स्टॉपने खरा टीडीसी काढा, पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज लावा. शिखराच्या ०.५ मिमी आधी आणि ०.५ मिमी नंतरचे अंश लिहा. समजा ८० आणि १४० आले, तर शिखर ११० वर. चेनवरच्या खुणांवर विसंबू नका, दोन-चार अंशांचा फरक नेहमी निघतो. तो ऑफसेट चावीने काढा.

४. पोर्ट वर येतील असं हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओता. १५ मिनिटांत एकाही सीटखाली ओल दिसता कामा नये.

१०. पहिलं स्टार्ट

कॅमचा जीव पहिल्या २० मिनिटांत ठरतो. लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. स्टार्टरवर प्लग काढून ऑईल प्रेशर येईपर्यंत फिरवा. इंजिन पेटलं की लगेच २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं ठेवा, आयडलला सोडू नका. आयडलवर ऑईल कमी उडतं आणि लोबवरचा भार सगळ्यात जास्त असतो. दुहेरी स्प्रिंग असेल तर या वेळेपुरती आतली काढून ठेवा.

इथे एक सापळा. 'ब्लोअरचा बेल्ट काढून रन-इन करा' असा सल्ला मिळेल. कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी आहे आणि बायपास नाही, अशा जोडणीत थांबलेला रूट्स ब्लोअर हवेची वाटच अडवतो. इंजिन सुरू होणंही कठीण. बेल्ट ठेवा, भार देऊ नका. भार नसताना बूस्टही येत नाही.

ऑईल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंक-फॉस्फरस भरपूर असलेलं. सपाट टॅपेटला हेच वाचवतं. नव्या गाड्यांची पातळ ऑईल इथे उपयोगाची नाहीत, त्यांत फॉस्फरस मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. पहिलं ऑईल आणि फिल्टर या २० मिनिटांनंतर लगेचच बदला.

मग मिश्रण आणि टायमिंग. बूस्टखाली लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८२ ते ०.८५ च्या दरम्यान ठेवा. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने हवा-इंधनाचे जुने आकडे जुळत नाहीत, लॅम्डाच बघा. पेट्रोल मोजणाऱ्या जुन्या सुईवर तेच कार्बोरेटर आता पातळ मिश्रण देतं. बूस्टसाठी स्पार्क मागे घ्यावा लागतो, पण गरजेपेक्षा जास्त मागे घेतला तर जळणं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत लांबतं. इंजिन नॉक करत नाही म्हणून माणूस निर्धास्त, आणि व्हॉल्व्ह मात्र भाजतोय.

भाराची पहिली चाचणी सपाट रस्त्यावर घ्या. ५०० किमी झाल्यावर हेड बोल्ट आणि गॅप तपासून मगच चोर्ला किंवा अनमोड घाटाचा चढ. चढावर सलग बूस्ट धरून ठेवू नका, मधूनमधून पाय काढा, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला तेवढाच श्वास मिळतो.

११. गॅपची वही आणि पावसाळा

गॅप लावताना ९ चा नियम वापरा. ज्या व्हॉल्व्हचा गॅप बघायचाय त्याचा नंबर ९ मधून वजा करा. उत्तराच्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना तुमचा व्हॉल्व्ह कॅमच्या पाठीवर असतो. १ साठी ८, ३ साठी ६. मायनरला थंड असताना ०.३० मिमी, एमजीबीला ०.३८ मिमी (थंड की गरम ते मॅन्युअलमध्ये बघा). नवा कॅम असेल तर त्याच्या कार्डावरचा आकडा.

दर १,००० किमीला आठही गॅप *जुळवायच्या आधी* मोजून वहीत लिहा. गॅप कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय किंवा त्याचा दांडा ताणला जातोय. गॅप वाढत असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजतोय. एकाच व्हॉल्व्हचा गॅप बाकीच्यांपेक्षा वेगाने कमी होत असेल, विशेषतः ४ किंवा ५ चा, तर कॉम्प्रेशन टेस्ट करा आणि गाडी बूस्टखाली चालवणं थांबवा. इतक्या लवकर दुसरं कोणतंही लक्षण दिसत नाही.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर शेवटच्या फेरीत इंजिन पूर्ण गरम करा, ऑईल बदला आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून बंद करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा घाव इनलेटच्या दांड्यावरही पडू शकतो. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घाला, रॉकर कव्हर काढून स्प्रिंगवर ऑईल मारा. एअर फिल्टरचं आणि सायलेन्सरचं तोंड ऑईलच्या फडक्याने बंद करा आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा. दर १५ दिवसांनी प्लग काढून इंजिन हाताने सव्वा फेरी फिरवा. पूर्ण दोन फेऱ्या फिरवल्या तर कॅम होता तिथेच परत येतो आणि त्याच स्प्रिंग दाबलेल्या राहतात.